फुकटे कोण? मदत, काम आणि मालकी यांचा आपला इतिहास

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आले की वाशिम जिल्ह्यात एक वाक्य हमखास कानावर पडते. रिसोडच्या चहाच्या टपरीवर, कारंज्याच्या मार्केट यार्डात, मानोऱ्याच्या एसटी स्टँडवर. "रेशन फुकट, बायकांच्या खात्यात पंधराशे रुपये. मग शेतात कोण येणार? सरकारने या लोकांना आळशी करून ठेवले." 'या लोकांना' म्हणजे कोणाला, हे बोलणारा सांगत नाही. ऐकणाऱ्याला ते बरोबर कळते.

याच वाक्याची शिकलेली आवृत्ती वर्तमानपत्रात आणि टीव्हीवरच्या चर्चेत भेटते. "मदत बंद करा, लोकांना कामाला लावा." ऐकायला हे बरे वाटते. आपल्यातले काही शिकलेले तरुणही त्याला मान डोलावतात. म्हणून आधीच स्पष्ट करतो. काम हवे, हे आमचेही म्हणणे आहे. बाबासाहेबांच्या चळवळीने कधी कोणाच्या दारात भाकर मागितली नाही. उलट दारोदार भाकर मागण्याची पद्धत मोडायला सांगितले. पण 'कामाला लावा' म्हणणाऱ्याला आपण तीन प्रश्न विचारले पाहिजेत. काम कोणाच्या अटीवर? मजुरी कोण ठरवणार? आणि त्या कामातून जे उभे राहील ते कोणाच्या नावावर चढणार?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे महाराष्ट्राच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात आहेत. तो इतिहास आपल्या पोरांना शाळेत शिकवला जात नाही, म्हणून येथे मांडतो.

गावकीची भाकर

'मदत' आणि 'काम' यांची सर्वात जुनी सांगड आपल्याकडे गावकीत होती. महाराने गावाचे काम करायचे. निरोप पोचवायचे, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावायचे, वेशीची राखण करायची, मेलेले जनावर ओढायचे. कामाला वेळेची मर्यादा नव्हती, आणि एक माणूस कमी पडला तर सगळे घर राबायचे. बदल्यात बलुते आणि मागून आणलेली भाकर. कुठे कुठे वतनाचा जमिनीचा तुकडा, पिढ्यांमागून पिढ्या वाटून वाटून चिंधीएवढा झालेला.

याला मजुरी म्हणता येत नाही, कारण दर ठरलेला नव्हता. दान म्हणता येत नाही, कारण बदल्यात राबावे लागत होते. मागणाऱ्याला हक्क नाही आणि राबणाऱ्याला पगार नाही, अशी ही रचना होती. वऱ्हाडात वतनाचे कायदे मुंबई इलाख्यापेक्षा वेगळे होते, पण गावाची तऱ्हा तीच होती.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात महार वतने रद्द करून जमिनी रयतावा केल्या. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यामागचा विचार साधा होता. सरकारी काम करून घ्यायचे तर ठरलेला पगार द्या. आणि ज्याला हे काम नको त्याला जमीन रीतसर सारा भरून ठेवू द्या. विधेयकाला इतका विरोध झाला की ते शेवटी मागे घ्यावे लागले. मुंबई राज्यातली कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द व्हायला १९५९ साल उजाडावे लागले.

याच काळात मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करायला स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालात एक गोष्ट नोंदलेली आहे, ती आजही गावोगाव खरी आहे. अस्पृश्यांनी हक्क मागितला की सवर्ण बहिष्कार टाकतात, आणि बहिष्कार लागू पडतो, कारण अस्पृश्यांचे पोट त्याच जमीनमालकांच्या शेतावर अवलंबून असते. हे सूत्र लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली त्यात आहे.

दुष्काळी काम : भुकेल्याची परीक्षा

इंग्रज सरकारने गरिबाला मदत देण्याची पद्धत त्यांच्या देशातून आणली. इंग्लंडमध्ये १८३४ साली गरिबांसाठी नवा कायदा झाला. त्याचे तत्त्व असे होते की, मदत घेणाऱ्याची हालत बाहेरच्या सर्वात हलक्या मजुरापेक्षाही हलकी ठेवायची, म्हणजे खरोखर गत्यंतर नसलेलाच मदत मागेल. त्यासाठी तिकडे वर्कहाउस उभी राहिली.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात हेच तत्त्व दख्खनमध्ये आले. व्हाइसरॉय लिटनने रिचर्ड टेम्पलला पाहणीसाठी पाठवले. सरकारचा खर्च कमी करायला टेम्पलने दुष्काळी कामावरच्या पुरुषाचे रोजचे धान्य एक पौंडावर आणले. म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि वर किरकोळ पैसे. एवढ्यावर दिवसभर खोदाई आणि दगडफोड. मुंबई इलाख्यात मजुरांनी याविरुद्ध कामे सोडून दिली आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाने आणि त्यानंतरच्या दुष्काळ संहितांनी ही पद्धत पक्की केली. आधी परीक्षेची कामे उघडायची. काम जड, मजुरी जेमतेम जगण्यापुरती, जागा शक्यतो घरापासून लांब. एवढे सोसूनही जो येईल तोच खरा दुष्काळग्रस्त. वऱ्हाडावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ लागोपाठ कोसळले. तेव्हा वाशिम हा 'बासिम' नावाचा स्वतंत्र जिल्हा होता; १९०५ साली तो मोडून अकोला आणि यवतमाळमध्ये वाटला गेला. त्या दुष्काळांत कामावर आलेल्यांना सरकारने हीच कसोटी लावली.

इंग्रजांच्या या विचाराला उत्तर देणारा आपला माणूस त्याच वेळी पुण्यात होता. १८७७ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळातल्या अनाथ मुलांसाठी बालाश्रम काढला. तेथे भुकेची परीक्षा घेतली जात नव्हती. आणि १८८३ साली पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीरावांनी सरकारला सुचवले की, रिकाम्या बसलेल्या फौजेला आणि पोलिसांना बांधबंदिस्ती आणि तलावांच्या कामाला लावा, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल. सार्वजनिक काम गरिबाला दमवण्यासाठी काढायचे नाही, जमीन सुधारण्यासाठी काढायचे, हा विचार रोजगार हमीच्या ९० वर्षे आधीचा आहे. पागे यांच्या नावाने सुरू होणाऱ्या पाठ्यपुस्तकी इतिहासात जोतीरावांचे हे पान नसते.

बाबासाहेब : सेवायोजनापासून कलम ४१ पर्यंत

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. महायुद्ध संपत आले तसा प्रश्न उभा राहिला, की लाखो सैनिक आणि युद्धकारखान्यांतले कामगार बेकार होणार, त्यांचे काय? १९४५ साली त्यांच्याच खात्याखाली पुनर्वसन आणि रोजगार संचालनालय उभे राहिले, आणि त्यातून सेवायोजन कार्यालयांचे जाळे विणले गेले. आज 'एम्प्लॉयमेंटचे कार्ड' ही चेष्टेची गोष्ट झाली आहे. पण त्यामागचा विचार क्रांतिकारक होता. नोकरी ओळखीवर, जातीच्या गोतावळ्यावर किंवा मुकादमाच्या मर्जीवर मिळू नये. काम शोधणाऱ्याची नोंद सरकारकडे असावी आणि जागा कोठे आहे हे सांगण्याची जबाबदारीही सरकारची असावी.

१९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेब याच्या खूप पुढे गेले. शेती सरकारच्या मालकीची करा आणि गावकऱ्यांना जातपात न पाहता सामूहिक पद्धतीने कसायला द्या, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही प्रकार संपतील, अशी ती मांडणी होती. संविधान सभेत ती टिकणार नव्हती. जे टिकले ते कलम ४१. आपल्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत राज्याने कामाचा हक्क, शिक्षणाचा हक्क आणि बेकारी, म्हातारपण, आजारपण, अपंगत्व अशा वेळी सार्वजनिक मदतीचा हक्क मिळवून द्यावा, असे हे कलम सांगते.

आमच्या वाचकांनी येथे थोडे थांबावे. संविधानाने काम आणि मदत एकाच कलमात, एकाच दर्जाने ठेवले आहेत. 'काम करशील तरच मदत' असे संविधान म्हणत नाही. काम हा हक्क आहे, आणि काम नसेल किंवा करता येत नसेल तेव्हा मदत हाही हक्क आहे. पारावरचा माणूस या दोघांना एकमेकांसमोर उभे करतो, कलम ४१ त्यांना शेजारी बसवते. मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे हा हक्क थेट कोर्टात मागता येत नव्हता, एवढीच त्याची लंगडी बाजू. त्याला पाय द्यायला महाराष्ट्राला एका दुष्काळाची गरज पडली.

१९७२ : खडीवरचा महाराष्ट्र

१९७२ चा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेला आहे. मिलो ज्वारी आणि सुकडी हे शब्द त्यांना आजही आठवतात. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. रस्ते, नाला बांध, पाझर तलाव, आणि सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली खडी. लेकरू सावलीत टाकून दिवसभर हातोडा चालवणाऱ्या बाया. त्यात आपल्या वस्तीतल्या बाया किती होत्या, हे कोणत्याही मस्टरने वेगळे लिहिले नाही. पण ज्यांच्याकडे जमीन नव्हती आणि साठवलेले धान्य नव्हते, ते सर्वात आधी खडीवर गेले आणि सर्वात शेवटी परतले, हे समजायला मस्टर लागत नाही.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात केलेल्या प्रयोगावरून रोजगार हमीची कल्पना मांडली होती. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ साली, ती राज्याची योजना झाली. पण योजना सरकारच्या मर्जीवर चालते. कायदा व्हावा म्हणून कष्टकऱ्यांच्या संघटनांनी रेटा लावला आणि १९७७ साली विधिमंडळाने महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला होता. आजही पगाराच्या पावतीवर २०० रुपयांची जी कपात दिसते, तिचे मूळ हे आहे. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बेकाराच्या कामाचा खर्च उचलायचा, आणि जेवढे त्याच्याकडून येईल तेवढी भर सरकारने घालायची.

या कायद्याने इंग्रजी दुष्काळ संहिता उलटी केली. दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहायची नाही. ग्रामीण भागातल्या कोणाही प्रौढाने अंगमेहनतीचे काम मागितले की १५ दिवसांत द्यायचे, शक्यतो जवळ द्यायचे, बाईला आणि पुरुषाला एकच दर द्यायचा. काम देता आले नाही तर बेकारी भत्ता. भत्ता दिवसाला अवघा एक रुपया होता, पण त्या एका रुपयाने 'काम देणे हे सरकारचे कर्तव्य आहे' हे कबूल केले होते. १९७९-८० च्या सुमारास वर्षाला २० कोटींच्या आसपास मनुष्यदिवसांचे काम या योजनेतून निघत होते.

आता स्टार्ट समितीचे सूत्र आठवा. बहिष्कार लागू पडतो, कारण पोट गावातल्या जमीनमालकाच्या हातात असते. १९७२ मध्येच पुणे जिल्ह्यातल्या बावड्याला आपल्या समाजावर बहिष्कार पडला होता. १९७८ साली विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपली घरे जाळली गेली, कित्येक गावांत शेतावरचे काम बंद केले गेले. अशा काळात गावाबाहेर चालू असलेले सरकारी काम ही केवळ मजुरी नव्हती. मालकाने अर्ध्या दरात बोलावले तर "नाही येत" म्हणण्याची ती सोय होती. रोजगार हमीचे आपल्यासाठी खरे मोल मजुरीच्या आकड्यात शोधू नका. ते या नकारात आहे. आणि गावातल्या वर्चस्वाला सर्वात जास्त टोचणारी गोष्टही तीच होती. ऐन हंगामात रोहयोची कामे बंद ठेवा, ही मागणी तेव्हापासूनची आहे. म्हणजे पारावरचे ते वाक्य पंधराशे रुपयांमुळे जन्मलेले नाही. ते त्याहून पन्नास वर्षे जुने आहे.

खडी आमची, विहीर त्यांची

या योजनेचे गुणगान आम्ही येथे थांबवतो, कारण दुसरी बाजू सांगितली नाही तर इतिहास अर्धा राहील.

रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स या अभ्यासकांनी १९८३ साली पश्चिम महाराष्ट्रातल्या रोहयोचा अभ्यास मांडला. त्यांचा मुद्दा असा होता की, या योजनेतून उभे राहिलेले पाझर तलाव, बांध, रस्ते यांचा फायदा जमीनवाल्यांना जास्त होतो. शिवाय मजूर शहराकडे न जाता गावातच थांबतो, म्हणजे हंगामात तो मालकाला हाताशी मिळतो. समाजशास्त्राच्या वर्गात ही मांडणी वाचताना ती पुस्तकी वाटते. गावात पाझर तलावाच्या खालच्या अंगाला कोणाची शेते आहेत हे एकदा फिरून पाहिले, की ती अंगावर येते.

पुढे हे आणखी उघड झाले. १९८८ साली शेतमजुरीचे किमान दर वाढले, तेच दर रोहयोला लागू होते, त्यामुळे मजुरी वाढली. त्यानंतर कामे मात्र आटत गेली. व्यवसाय कर गोळा होत राहिला, खर्च मागे पडत गेला. त्याच सुमारास रोहयोच्या पैशातून जवाहर विहिरी आल्या, १९९० पासून फळबाग लागवड आली. महाराष्ट्रातल्या डाळिंब, संत्रा, आंब्याच्या बागांचे कौतुक सगळे करतात. त्या बागांच्या खड्ड्यांची मजुरी रोजगार हमीतून गेली हे क्वचितच सांगितले जाते. फळबागेत अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला जादा अनुदान होते, हे खरे. पण त्यासाठी आधी सातबारा लागतो. ज्याच्याकडे सातबारा नाही त्याच्या वाट्याला खड्डा खणणे आले, आणि ज्याच्याकडे आहे त्याच्या वाट्याला झाड.

मग फुकटे कोण? सरकारी पैशातून विहीर, बाग, शेततळे, कर्जमाफी घेणारा 'प्रगतशील शेतकरी' ठरतो. पस्तीस किलो धान्य घेणारी म्हातारी 'फुकटी' ठरते. छोट्या कोरडवाहू शेतकऱ्याशी आमचे भांडण नाही. तोही कर्जात बुडालेला आहे आणि त्याची बायकोही रोहयोवर येते. भांडण या दुटप्पी भाषेशी आहे.

अमेरिकेतही हेच

ही भाषा फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा मोठा कायदा झाला, तेव्हा शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले. दक्षिणेतले बहुतांश कृष्णवर्णीय नेमके त्याच कामांत होते. पुढे लढून त्यांनी मदतीचा हक्क मिळवला, तर १९७६ च्या निवडणूक प्रचारात रोनाल्ड रेगन सरकारी मदतीवर चैन करणाऱ्या बाईची गोष्ट सभांमधून सांगू लागले. तिच्या रंगाचा उल्लेख करण्याची त्यांनाही गरज पडली नाही. १९९६ साली बिल क्लिंटन यांनी नवा कायदा केला. केंद्राच्या पैशातून मिळणारी रोख मदत आयुष्यात साधारण पाच वर्षांपुरती, आणि त्यासाठी कामाची अट. 'मदतीकडून कामाकडे' हे त्याचे घोषवाक्य होते.

महाराष्ट्राचा १९७७ चा कायदा आणि अमेरिकेचा १९९६ चा कायदा शेजारी ठेवा. दोन्ही गरिबाला कामाकडे नेण्याच्या गोष्टी करतात. आपल्या कायद्यात नागरिक काम मागतो आणि ते दिले नाही तर सरकार दोषी ठरते. त्यांच्या कायद्यात सरकार कामाची अट घालते आणि ती पाळली नाही तर नागरिक दोषी ठरतो. हक्क आणि शिक्षा यांतले अंतर एवढेच आहे. आज आपल्याकडे 'कामाला लावा' म्हणणारे यांपैकी कोणत्या वाटेने जाऊ पाहतात, हे ओळखता आले पाहिजे.

तिसरी पायरी : जमीन

मदत ही पहिली पायरी, काम ही दुसरी. आपल्या चळवळीने तिसरी पायरी कधीच मांडून ठेवली आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. लाखो माणसे तुरुंगात गेली, त्यात लेकरे कडेवर घेतलेल्या बाया होत्या. मागणी सरकारी पडीक आणि गायरान जमिनीची होती. त्याच रेट्याचा परिणाम म्हणून १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. कित्येक फायली त्यानंतरही तलाठी आणि तहसील यांच्यात फिरत राहिल्या.

२००४ साली दादासाहेबांच्याच नावाने सबळीकरण आणि स्वाभिमान योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन. सुरुवातीला निम्मे अनुदान आणि निम्मे कर्ज होते, २०१८ पासून पूर्ण अनुदान झाले. जिरायतीला एकरी ५ लाख आणि बागायतीला ८ लाखांपर्यंत. विधवा आणि परित्यक्ता बायांना प्राधान्य. मदत घेणाऱ्या माणसाला कायमचे स्वतःच्या पायावर उभे करणारी यापेक्षा चांगली योजना कागदावर नाही. अडते ते येथे, की विकायला जमीन काढणारा मालक सरकारी दरात आणि तीही आपल्या माणसाला विकायला तयार होत नाही. विहिरीसाठी २०१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे, पण तिलाही किमान ०.४० हेक्टर जमिनीची अट आहे. म्हणजे फिरून फिरून गाडी सातबाऱ्यापाशीच येते.

आजचा वाशिम

१ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत येथे दर शंभरात सुमारे १९ माणसे अनुसूचित जातींची आहेत आणि पाचातली चार माणसे खेड्यात राहतात. २०१८ साली नीती आयोगाने देशातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांची 'आकांक्षित' म्हणून यादी केली, तीत महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत वाशिम आहे. सोयाबीन आणि तूर निघाली की जानेवारीपासून वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी उसाच्या टोळीत, कोणी पुण्याच्या बांधकामावर.

महाराष्ट्राच्या कायद्याच्या वाटेने २००५ साली देशाचा रोजगार हमी कायदा झाला, तो मनरेगा. २००८ पर्यंत सगळे ग्रामीण जिल्हे त्याखाली आले. केंद्राकडून १०० दिवस, त्यावरचे दिवस महाराष्ट्राने स्वतः द्यायचे. कायदा भक्कम होता. त्याची पकड हळूहळू सैल केली गेली. २०२१ साली केंद्राने मजुरी जातवार वेगळ्या खात्यांतून द्यायला लावली. एकाच खड्ड्यात राबलेल्या माणसांची मजुरी जातीनुसार वेगवेगळ्या दिवशी जमा होऊ लागली. टीका झाल्यावर ती पद्धत मागे घ्यावी लागली. २०२३ पासून मोबाईल ॲपवर हजेरी सक्तीची, २०२४ पासून आधारशी जोडलेल्या खात्यातूनच मजुरी. नेटवर्क नसलेल्या शिवारात हजेरी लागत नाही, आणि न लागलेल्या हजेरीची मजुरी नाही. इंग्रजांनी अंतराची परीक्षा लावली होती, आता नेटवर्कची लावली जाते. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्राचा दर दिवसाला २९७ रुपये होता.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी विकसित भारत रोजगार आणि आजीविका हमीचा नवा कायदा मंजूर केला. दिवस १२५ केले, याची जाहिरात झाली. पण राज्यांच्या वाट्याला खर्चाचा ४० टक्के हिस्सा आला, कोणत्या राज्याला किती पैसे हे केंद्र आधीच ठरवणार, आणि पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातले ६० दिवस कामे बंद ठेवण्याची तरतूद आली. पारावरचे वाक्य शेवटी कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसले. ज्या दिवसांत मजुराला भाव मिळू शकतो, नेमके त्याच दिवसांत त्याचा दुसरा पर्याय काढून घ्यायचा. जी मागणी रोहयोच्या काळात जमीनवाल्यांनी केली, तीच येथे मान्य झाली आहे.

शिकलेल्या पोरांची गतही पाहा. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. बारावीला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीला १० हजार, आणि मुदत सहा महिने. नंतर ती पाच महिन्यांनी वाढवली. कार्यालयात पूर्ण काम करायचे, नंतर घरी यायचे. मुदत संपल्यावर काय, याचे उत्तर योजनेत नाही. गावकीत जे होते तेच नव्या कपड्यात दिसते. काम पक्के, मोबदला मेहरबानीचा, हक्क नाही.

आपण काय करायचे

भाषणाने मस्टर निघत नाही, म्हणून चार कामे सांगतो.

पहिले, कामाची मागणी तोंडी करायची नाही. लेखी करायची आणि तारखेची पोच घ्यायची. कायदा जुना असो की नवा, पोच नसेल तर मागणी झालीच नाही असे कागद म्हणतो, आणि मागणी नाही म्हणून काम नाही असे कार्यालय म्हणते. आम्ही ज्या वस्त्यांत बसतो तेथे सर्वात जास्त नुकसान या एका चिठ्ठीअभावी झालेले आहे. प्रत्येक बुद्धविहारात महिन्यातला एक दिवस फक्त अर्ज भरण्यासाठी ठेवा.

दुसरे, कोणती कामे घ्यायची हे ज्या ग्रामसभेत ठरते, तेथे वस्तीतल्या बायांना घेऊन जा. पाझर तलाव कोठे आणि विहीर कोणाला, हे तेथे ठरते. अनुसूचित जातींच्या जमिनीवरच्या कामांना प्राधान्य द्यायचे, हे मनरेगाने लिहून ठेवले होते. ते नव्या आराखड्यातही मागून घ्यायचे. आपण फक्त मजूर म्हणून हजर राहिलो तर विहीर पुन्हा त्यांचीच होईल.

तिसरे, सबळीकरण योजनेचे आणि गायरानाचे प्रलंबित अर्ज गाववार मोजा. माहितीच्या अधिकारात विचारा. आकडा हातात असल्याशिवाय मोर्चाला धार येत नाही.

चौथे, हंगामातल्या ६० दिवसांच्या बंदीविरुद्ध बोला, आणि बोलताना आदिवासी, बंजारा, भटके आणि कोरडवाहू शेतकरी यांना सोबत घ्या. खडी फोडताना सगळ्यांचे हात सारखेच फुटले होते.

आणि कोणी 'फुकटे' म्हटले तर मान खाली घालू नका. या राज्याचे रस्ते, तलाव, बांध आणि बागा यांखाली आपल्या आजीची मजुरी गाडलेली आहे. रेशन आणि पंधराशे रुपये कलम ४१ च्या एका ओळीतून येतात, काम त्याच कलमाच्या दुसऱ्या ओळीतून. दोन्ही घ्यायचे. आणि जी तिसरी गोष्ट संविधान सभेत बाबासाहेबांना मिळू दिली नाही, ती मालकी, तिच्यासाठी लढायचे.

जय भीम!